रीफरची नोंद उणे १८, तरी मटारांचे गोळे: दोष शोधायचा कुठे?

उणेअठरा · सोमवार, सकाळी १०:२०

नमस्कार. गोठवलेल्या मटारांचा एक ४० फुटी रीफर, म्हणजे शीतयंत्र बसवलेला, कंटेनर आम्ही समुद्रमार्गे परदेशी पाठवला होता. वाटेत एक ट्रान्सशिपमेंट, म्हणजे एका जहाजावरून दुसऱ्यावर बदली, होऊन तो ३२ दिवसांनी खरेदीदाराच्या शीतगृहात पोहोचला. सील शाबूत होते. आतल्या बहुतेक मालाबद्दल काही तक्रार नाही, परंतु दाराकडच्या शेवटच्या दोन रांगांमध्ये पिशव्यांतले मटार सुटे राहिलेले नाहीत. त्यांचे घट्ट गोळे झाले आहेत आणि पिशव्यांना आतून हिम धरले आहे.

खरेदीदाराने भरपाई मागितली आहे. शिपिंग लाइनने यंत्राची तासागणिक नोंद पाठवली असून तिच्यात सेट पॉइंट, म्हणजे यंत्राला नेमून दिलेले तापमान, पहिल्या दिवसापासून उणे १८ आहे. पहिले २६ तास रिटर्न एअर (यंत्राकडे परतणारी हवा) उणे १२ वरून हळूहळू खाली येत गेली आणि त्यानंतर ती उणे १७ ते उणे १८ याच पट्ट्यात राहिली. अपवाद एकच आहे. ट्रान्सशिपमेंटच्या बंदरात ५ तास ४० मिनिटे वीज बंद होती आणि ती पुन्हा सुरू झाली तेव्हा रिटर्न एअर उणे १५.५ दाखवत होती. आमच्या मते माल तेथेच बिघडला, पण लाइनला हे मान्य नाही. अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

टी-फ्लोअर · सोमवार, दुपारी १:०५

मी बरीच वर्षे रीफर दुरुस्तीचे काम केले आहे, त्यामुळे आधी यंत्राची बाजू मांडतो.

आपण पाठवलेली नोंद हवेची आहे, मालाची नव्हे. ही गोष्ट इतक्या वेळा सांगावी लागते की ती कंटेनरच्या दारावरच रंगवून ठेवावी असे वाटते. यंत्र थंड हवा खालच्या टी-आकाराच्या पट्ट्यांच्या फरशीतून दारापर्यंत ढकलते, ती हवा मालाभोवतून वर चढते आणि छताखालून परत यंत्राकडे जाते. गोठवलेल्या मालासाठी यंत्र परतणाऱ्या, म्हणजे रिटर्न हवेवर चालते. ताज्या मालासाठी मात्र ते सोडल्या जाणाऱ्या, म्हणजे सप्लाय हवेवर चालते. रिटर्न एअरचा संवेदक यंत्रापाशी असतो आणि आपला बिघडलेला माल दारापाशी आहे. या दोहोंत जवळपास १२ मीटरचे अंतर आहे. यंत्रापाशी उणे १८ असताना दारापाशी उणे १२ असू शकते आणि नोंदीत त्याचा मागमूसही राहत नाही.

तेव्हा पहिला प्रश्न असा की माल लाल रेषेच्या वर रचला होता का? आतल्या भिंतीवर ती रेषा आखलेली असते आणि तिच्यावर परतीच्या हवेसाठी जागा सोडायची असते. लोक मात्र ती जागा रिकामी पाहून शेवटचे चाळीस-पन्नास खोके तेथे कोंबतात. मग हवा दारापर्यंत पोहोचण्याऐवजी मधूनच जवळच्या वाटेने परत फिरते आणि सर्वांत आधी उपाशी राहते ते दाराकडचे टोक.

दुसरा प्रश्न असा की स्टफिंग, म्हणजे कंटेनरमध्ये माल भरणे, चालू असताना यंत्र चालू ठेवले होते की बंद? शीतगृहाच्या दाराला कंटेनर घट्ट टेकवण्याची सोय नसेल, तर दारे उघडी असताना यंत्र बंदच ठेवावे. चालू ठेवले तर ते बाहेरची दमट हवा आत ओढते आणि बाष्पकावर, म्हणजे कॉइलवर, बर्फ साचतो. प्रवासाच्या पहिल्याच दिवशी यंत्र डीफ्रॉस्टमध्ये अडकून पडते.

आकडेमोड · सोमवार, संध्याकाळी ७:४०

वीज बंद होती त्या काळाचा हिशेब करून पाहिला. माल २५ टन धरतो. गोठलेल्या मटारांची विशिष्ट उष्णता किलोमागे दर अंशाला सुमारे २ किलोज्यूल असते. म्हणजे सगळा माल एका अंशाने तापायला सुमारे ५० हजार किलोज्यूल उष्णता लागते. ४० फुटी कंटेनरच्या भिंतींतून, बाहेर कडक ऊन असताना, साधारण २ किलोवॅट उष्णता आत येते. ५ तास ४० मिनिटांत ती सुमारे ४१ हजार किलोज्यूल भरते. सगळी मालात उतरली असे मानले, तरी सरासरी तापमान एक अंशानेही वाढत नाही. भिंतीलगतचे खोके सरासरीपेक्षा अधिक तापतात हे खरे, परंतु तेवढ्याने मटार वितळून पुन्हा गोठतील हे पटत नाही. शिवाय दोष भिंतीचा असता, तर नुकसान डावी-उजवीकडे सर्व लांबीवर दिसले असते.

दुसरा हिशेब अधिक उपयोगी आहे. उणे १८ च्या सेट पॉइंटला रीफर यंत्राची शीतकरण क्षमता सुमारे ५ ते ७ किलोवॅट असते. त्यातून भिंतींचा आणि पंख्यांचा भार वजा केला की मालासाठी तीन-साडेतीन किलोवॅट उरतात. सगळा माल उणे ११ वर भरला गेला, तर तो उणे १८ वर नेण्यासाठी साडेतीन लाख किलोज्यूल, म्हणजे सुमारे ९७ युनिट उष्णता बाहेर काढावी लागेल. कागदावर हे काम सव्वा दिवसाचे आहे. प्रत्यक्षात हवा रचलेल्या मालाच्या पोटात शिरत नाही, ती फक्त बाहेरून फिरते, म्हणून मधल्या खोक्यांना कित्येक दिवस लागतात. आणि कोणी न गोठवलेला माल भरून यंत्राकडून गोठवून घेऊ म्हणेल, तर २५ टन मटारांतले पाणी गोठवायला याच हिशेबाने वीस दिवस लागतील. तोवर मधला माल सडलेला असेल.

उणेअठरा · सोमवार, रात्री ९:५५

आपला हिशेब वाचून थोडा धक्का बसला, कारण आमचा सगळा पत्रव्यवहार वीज गेल्याच्या त्या पावणेसहा तासांवर उभा आहे. लाल रेषेच्या वर माल नव्हता. स्टफिंगचे फोटो मी पुन्हा पाहिले, रेषा स्पष्ट दिसते. खोके पॅलेटवर नसून हाताने रचलेले आहेत आणि बाण वरच्या दिशेला ठेवून उभे आहेत. यंत्र बंद होते. भरताना मालाचे तापमान तीन ठिकाणी मोजले होते आणि आमच्या तक्त्यात उणे २०, उणे १९ आणि उणे १९ असे आकडे आहेत.

जुना खलाशी · मंगळवार, सकाळी ६:३०

जहाजावर रीफरची राखण करण्यात माझी उमेद गेली, त्यामुळे दोष जहाजाचा म्हटले की मला आधी शंका येते. जहाजावर प्रत्येक रीफरचे तापमान आम्ही पाहतो, बिघाड झाला तर नोंदवतो आणि सुटे भाग असतील तर दुरुस्तही करतो. कंटेनर सर्वांत दुर्लक्षित असतो तो हाताबदलाच्या वेळी: ट्रेलरवर जेनसेट (वीज देणारा जनरेटर) नसताना, यार्डात प्लग लावायला माणूस नसताना, तपासणीसाठी दारे उघडली असताना. ही यंत्रे साडेतीनशे-साडेचारशे व्होल्टच्या तीन फेजच्या विजेवर चालतात. वाटेत कुठलाही साधा प्लग शोधून ती चालवता येत नाहीत.

हवेच्या वाटेबद्दल टी-फ्लोअर यांनी लिहिले त्यावरून एक जुनी हकिकत आठवली. १८८२ च्या फेब्रुवारीत डनेडिन नावाचे शिडाचे जहाज गोठवलेले मांस घेऊन न्यूझीलंडच्या पोर्ट चामर्स बंदरातून लंडनला निघाले. शिडे वाऱ्यावर चालत आणि शीतयंत्र कोळशावर, त्यामुळे धुराड्याच्या ठिणग्यांनी शिडे पेटण्याची भीती वेगळीच. उष्ण कटिबंधात जहाज वाऱ्याअभावी रेंगाळले, तेव्हा कप्तान जॉन व्हिटसन यांच्या लक्षात आले की थंड हवा मालात नीट फिरत नाही. हवेच्या मुख्य नळाला आणखी भोके पाडण्यासाठी ते स्वतः आत सरपटत गेले आणि थंडीने इतके बधिर झाले की दोराने ओढून त्यांना बाहेर काढावे लागले. ९८ दिवसांनी जहाज लंडनला पोहोचले तेव्हा जवळपास पाच हजार धडांपैकी फक्त एक टाकून द्यावे लागले. यंत्र तेव्हाही ठीकच होते. अडचण हवेच्या वाटेची होती.

काठावरचा सर्व्हेयर · मंगळवार, दुपारी १२:१५

उणेअठरा, आपल्या तक्त्यातले तीन आकडे फार सुबक आहेत, आणि सुबक आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही. ते कोठे मोजले? शीतगृहाच्या आत, की कंटेनरच्या दारात? कोणत्या खोक्यांचे? तापमापीची सुई दोन पिशव्यांच्या मध्ये दाबून पुरेसा वेळ ठेवली होती, की खोक्याच्या पृष्ठभागावरून अवरक्त यंत्र फिरवले? अवरक्त यंत्र पुठ्ठ्याचे तापमान सांगते. आतल्या मालाबद्दल त्यावरून काहीच खात्रीने म्हणता येत नाही.

पण त्याहूनही महत्त्वाची गोष्ट मी खरेदीदाराकडून मागवली असती. पिशवीत बर्फ कोणत्या बाजूला आहे? मटारांवरचे हिम वितळले की ते पाणी खाली उतरते आणि खालच्या अजून थंड असलेल्या मटारांवर येऊन पुन्हा गोठते. म्हणजे बर्फाचा थर ज्या बाजूला आहे, ती बाजू वितळण्याच्या क्षणी जमिनीकडे होती. कंटेनरमध्ये खोके बाण वर करून उभे होते असे आपण म्हणता. तेव्हा माल प्रवासात वितळला असेल, तर थर पिशवीच्या तळाशी, म्हणजे बाणाच्या उलट बाजूला असला पाहिजे. तो दुसरीकडे असेल, तर माल वितळला तेव्हा तो खोका वेगळ्या अवस्थेत पडलेला होता, आणि मग कंटेनरचा प्रश्नच उरत नाही.

नुसते हिम असेल आणि मटार सुटे असतील, तर गोष्ट निराळी. तापमान सतत थोडेथोडे वरखाली झाले की मटारांतली आर्द्रता बाहेर पडून पिशवीच्या आतल्या बाजूला हिमरूपाने बसते. ते न वितळताही होते. घट्ट गोळा मात्र वितळल्याशिवाय सहसा होत नाही.

एक खोका न फोडता बाजूला ठेवायला सांगा. पिशवी खोक्यातून बाहेर काढण्याआधी तिच्यावर बाणाची दिशा शाईने लिहा, मग फोटो काढा. खोक्याच्या पुठ्ठ्यावर पाण्याचा डाग आहे का, आणि असेल तर कोणत्या बाजूला, हेही पाहायला सांगा.

फळांची पेटी · मंगळवार, दुपारी ४:५०

चर्चा गोठवलेल्या मालाची आहे याची जाणीव आहे, तरी विचारतो. आम्ही ताजी फळे पाठवणार आहोत. हेच नियम आम्हालाही लागू होतात का?

टी-फ्लोअर · मंगळवार, रात्री ८:३०

बरेचसे उलटे लागू होतात. गोठवलेला माल मेलेला असतो. त्याला बाहेरच्या उष्णतेपासून वाचवले की पुरे, म्हणून तो एकसंध ठोकळ्यासारखा रचतात आणि हवा भोवतून फिरू देतात. ताजे फळ श्वास घेते आणि स्वतःच उष्णता निर्माण करते. तापमान १० अंशांनी वाढले की हा श्वसनाचा वेग साधारण दोन-तीन पट होतो. म्हणून तेथे हवा प्रत्येक खोक्याच्या आतून खालून वर गेली पाहिजे. खोक्यांच्या तळाची आणि झाकणाची भोके एकाखाली एक आली पाहिजेत. फरशीचा उघडा राहिलेला भाग, विशेषतः दारापाशी, पुठ्ठ्याने झाकला पाहिजे, नाहीतर सगळी हवा त्या भगदाडातून वर निघून जाते.

ताज्या मालाची हवाही बदलावी लागते. त्यासाठी यंत्रावर एक झडप असते आणि तिचे प्रमाण बुकिंगमध्ये लिहावे लागते. हे प्रमाण कोणी घनमीटर प्रतितास लिहितो, कोणी टक्के लिहितो, आणि आकडा तोच राहून एकक बदलले की फळांचे वाटोळे होते. बुकिंगच्या कागदावरची आणखी एक चूक मी एकाहून अधिक वेळा पाहिली आहे: उणे चिन्ह गळते. यंत्र मुकाट्याने अधिक १८ अंश राखत राहते, आणि त्याची नोंदही अखंड असते.

फळ कोणते यावर तापमान ठरते. हिरवी केळी १३ ते १४ अंशांवर पाठवतात. त्याहून थंड केली तर साल काळवंडते आणि केळी नीट पिकत नाहीत, म्हणजे अति थंडीनेही माल मरतो. सफरचंदे मात्र शून्याच्या आसपास सुखात असतात, पण ती इथिलीन वायू सोडतात, म्हणून इथिलीनला संवेदनशील असलेल्या मालासोबत ती एका कंटेनरमध्ये कोंबू नयेत. फळमाशीसाठी काही देश प्रवासातच शीतोपचार मागतात. गराचे तापमान एक-दोन अंशांवर सलग दोन आठवडे किंवा अधिक राहिल्याचे फळात खोचलेल्या संवेदकांनी दाखवावे लागते, आणि मध्ये ते मर्यादेबाहेर गेले तर केलेली तपश्चर्या वाया जाऊ शकते. आपल्या फळाबद्दल स्वतंत्र धागा काढावा, तेथे सविस्तर लिहीन.

आकडेमोड · मंगळवार, रात्री १०:१०

थोडे अवांतर. उणे १८ हा आकडा निसर्गाने दिलेला नाही. शून्य अंश फॅरनहाइट म्हणजे उणे १७.८ सेल्सियस, एवढाच त्याचा थाट आहे. २०२३ च्या अखेरीपासून गोठवलेल्या अन्नाचा मापदंड उणे १५ करावा, म्हणजे ऊर्जा वाचेल, असा आग्रह धरणारी कंपन्यांची एक आघाडीही उभी राहिली आहे. उलट आइस्क्रीमला उणे १८ पुरत नाही, ते उणे २५ च्या आसपास नेतात, आणि कच्चे खाल्ल्या जाणाऱ्या ट्यूनासाठी उणे ६० चे खास कंटेनर असतात.

काठावरचा सर्व्हेयर · बुधवार, सकाळी ९:००

मापदंड काहीही ठरो, करारात जो आकडा लिहिला तो पाळावा लागतो. कृपया मूळ विषयावर येऊ. उणेअठरा, फोटो आले का?

कागदवाली · बुधवार, सकाळी ११:२५

फोटो येईपर्यंत कागदांची बाजू मांडून ठेवते, कारण तिथे मुदती असतात आणि त्या कोणासाठी थांबत नाहीत.

ज्या बिल ऑफ लेडिंगला (लाइनने दिलेली मालाची पावती) हेग-व्हिस्बी हे सागरी मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम लागू आहेत, तेथे वरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना डिलिव्हरीपासून ३ दिवसांत द्यायची असते. दिली नाही म्हणून हक्क बुडत नाही, पण माल नीट पोहोचला असे प्रथमदर्शनी मानले जाते आणि पुराव्याचे ओझे वाढते. दावा १ वर्षाच्या आत न्यायालयात नेला नाही, तर मात्र हक्क संपतो. जबाबदारीची कमाल मर्यादा प्रत्येक नगामागे ६६६.६७ एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) किंवा किलोमागे २ एसडीआर, यांपैकी जे जास्त असेल ते. दोन रांगांच्या मटारांसाठी ही मर्यादा आड येणार नाही, महाग माल असता तर आली असती.

आपल्या बिलावर बहुधा "भरणा, रचना आणि मोजणी माल पाठवणाऱ्याची" अशा अर्थाचा शेरा असेल. लाइनने बंद पेटी ताब्यात घेतली. तिने मालाचे तापमान पाहिलेले नाही. बिलावरचे "बाह्यतः सुस्थितीत" हे शब्द पेटीच्या बाहेरच्या अवस्थेबद्दल आहेत, पिशवीतल्या मटारांबद्दल नव्हेत. म्हणून माल भरताना थंड होता, हे सिद्ध करणे आपल्यावर येते.

विम्याबद्दलही एक गैरसमज आहे. "सर्व धोके" असे लिहिलेली पॉलिसी हातात असली की लोक निश्चिंत होतात. परंतु गोठवलेल्या अन्नाच्या प्रचलित कलमांत तापमानातील बदलामुळे झालेले नुकसान अनेकदा तेव्हाच भरून मिळते, जेव्हा शीतयंत्र बिघडून सलग किमान २४ तास बंद राहिलेले असते. आपले यंत्र पावणेसहा तास बंद होते, आणि तेही बिघाडाने नव्हे तर वीज नसल्याने. पॉलिसीची शब्दरचना पुन्हा वाचून पाहा.

शेवटची गोष्ट जरा कडू आहे. माल जहाजावर चढताच धोका खरेदीदाराकडे जातो, अशा अटींवर आपण विकला असला, तरी त्याआधीच झालेला बिघाड त्यासोबत जात नाही. तो आपलाच राहतो.

उणेअठरा · गुरुवार, रात्री ८:४५

फोटो आले. त्याआधी काल मी आमच्या पॅकिंग विभागात जाऊन त्या दिवशी काय घडले ते पुन्हा विचारले. जे कळले ते येथे लिहायला संकोच वाटतो, पण इतक्या मंडळींनी वेळ दिल्यावर लपवणे बरे नव्हे.

स्टफिंग सकाळी ११:१५ ला सुरू झाले आणि सील दुपारी २:५० ला लागले. तक्त्यातले तीनही आकडे सकाळी शीतगृहाच्या आत, माल बाहेर निघण्यापूर्वी मोजलेले आहेत. त्याच सकाळी खरेदीदाराकडून लॉट क्रमांकाची सुधारणा आली आणि १९० खोक्यांवर नवे लेबल लावणे भाग पडले. शीतगृहात हातमोज्यांनी लेबल चिकटत नाही आणि थंड पुठ्ठ्यावर गोंदही धरत नाही, म्हणून मुलांनी ते १९० खोके सुरुवातीलाच बाहेर फलाटावर आणले. लेबल खोक्याच्या लांब बाजूवर असते. ती बाजू वर यावी म्हणून सगळे खोके आडवे मांडले, एकेरी थरात. लेबले अर्ध्या तासात लावून झाली. पण कंटेनर आतल्या टोकापासून भरत येत होता आणि हे खोके सर्वांत शेवटी चढवायचे होते, म्हणून ते तसेच आडवे, फलाटावर, जवळजवळ तीन तास पडून राहिले. अर्ध्या फलाटावर ऊन येते.

खरेदीदाराच्या माणसाने सांगितल्याप्रमाणे पिशव्यांवर बाण काढून फोटो पाठवले आहेत. सात पिशव्यांपैकी सहांमध्ये बर्फाचा थर तळाशी नाही. तो लेबलाच्या बरोबर विरुद्ध बाजूला आहे. तीन खोक्यांच्या त्याच बाजूला पुठ्ठा लाटांसारखा फुगून वाळलेला दिसतो. गोळे झालेल्या मालाचा लॉट क्रमांकही तोच, नवा.

काठावरचा सर्व्हेयर · गुरुवार, रात्री ९:३०

मग याहून अधिक पुराव्याची गरज नाही. लाइनकडे केलेला दावा मागे घ्यावा, कारण हेच फोटो त्यांच्या सर्व्हेयरने पाहिले तर तोही पाच मिनिटांत याच निष्कर्षाला येईल. पहिल्या २६ तासांत रिटर्न एअर उणे १२ वरून इतक्या सावकाश का उतरली, याचेही उत्तर यात असावे. उघड्या दारांचा त्यात वाटा आहेच, पण आत गेलेला सगळा माल खरोखर उणे १९ वर असता, तर ती याहून बरीच लवकर खाली आली असती.

खरेदीदाराशी बोलताना आतल्या रांगांचा प्रश्न वेगळा ठेवा. तेथील दर पाचव्या-दहाव्या खोक्यातली पिशवी हातात घेऊन हलवायची. मटार सुटे खळखळले, तर तो माल चांगला आहे आणि नाकारण्याचे कारण नाही. गोळे झालेल्या मालाचे काय करायचे, ते मात्र त्यांच्या अन्नसुरक्षेच्या नियमांप्रमाणे त्यांनाच ठरवू द्या.

जुना खलाशी · शुक्रवार, सकाळी ६:१५

त्या बंदरात पावणेसहा तास प्लग काढून ठेवणाऱ्याची बाजू मी घेत नाही. पण यावेळी तो सुटला.

फळांची पेटी · शुक्रवार, सकाळी १०:४०

एक व्यावहारिक शंका. लेबल शीतगृहाच्या आत लागत नसेल, तर करायचे काय?

टी-फ्लोअर · शुक्रवार, दुपारी २:००

उणे तापमानातही धरणारा गोंद लावलेली लेबले मिळतात, ती आधी मागवून ठेवावीत. नसतील तर शीतगृहाच्या पुढच्या थंड खोलीत, एका वेळी एका पॅलेटचे खोके आणून, दहा मिनिटांत परत आत पाठवावे. आणि मालासोबत दोन डेटा लॉगर, म्हणजे तापमान नोंदवत राहणारी छोटी उपकरणे, ठेवावेत: एक मध्यावर, एक दारापासच्या वरच्या रांगेत, खोक्याच्या आत पिशव्यांच्या मध्ये. ते कंटेनरच्या यंत्राच्या नोंदीवर अवलंबून नसतात. लॉगर खोका शीतगृहात असतानाच सुरू करावा, कंटेनरच्या दारात नव्हे. आपल्या मालात असा लॉगर त्या १९० पैकी एका खोक्यात असता, तर आलेखात तीन तासांचा तो डोंगर पहिल्याच दिवशी दिसला असता.

कागदवाली · शुक्रवार, दुपारी ३:३५

लॉगरचे अनुक्रमांक पॅकिंग लिस्टवर लिहायला विसरू नका. नाहीतर तिकडे कोणी तो खोक्यासकट विकून टाकतो आणि आपण आलेखाची वाट पाहत बसतो.

उणेअठरा · पुढच्या महिन्यातील मंगळवार, संध्याकाळी ६:१०

धागा वर आणत आहे, कारण पुढचा कंटेनर काल रवाना झाला. मागील प्रकरण मिटले आहे. आतल्या रांगा खरेदीदाराने तपासून स्वीकारल्या आणि दोन रांगांची रक्कम आम्ही त्यांच्या खात्यात वळती केली. लाइनला दावा मागे घेतल्याचे पत्र दिले.

यावेळी शेवटचा खोका कंटेनरच्या दारात उघडून, सुई दोन पिशव्यांच्या मध्ये पाच मिनिटे धरून तापमान घेतले. उणे १९.५ होते. सर्व्हेयर साहेबांना सुबक वाटू नये म्हणून सांगतो, त्याच्या शेजारचा खोका उणे १६ निघाला. हा खोका कागद तपासणाऱ्या माणसाच्या टेबलाखाली राहून गेला होता. तो परत शीतगृहात पाठवला आणि एक खोका कमी भरून सील लावले, त्यामुळे बिलावरची संख्या बदलून घ्यायला दीड तास गेला.

कागदवाली · मंगळवार, संध्याकाळी ६:४०

व्हीजीएमचे, म्हणजे भरलेल्या कंटेनरचे पडताळलेले, वजनही बदलून दिले ना?

उणेअठरा · मंगळवार, संध्याकाळी ६:५२

दिले.